निळ्या जाकिटाचा कारभारी कोण?

अमेरिकेतल्या एखाद्या हायस्कूलमध्ये ‘एफएफए’ या शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संघटनेच्या शाखेची सभा भरते, तेव्हा अध्यक्षाने हातोडी आपटली की उपाध्यक्ष पदाधिकाऱ्यांची हजेरी घेतो. ज्याचे नाव घेतले तो उठतो आणि आपण कुठे बसलो आहोत, आपले काम काय, हे सगळ्यांसमोर सांगतो. पहारेकरी दाराशी असतो, वार्ताहर ध्वजाजवळ, सचिव मक्याच्या कणसापाशी. सल्लागार शिक्षकाची जागा घुबडाच्या चिन्हापाशी असते. आपल्याकडे घुबड अशुभ मानतात, तिथे ते जाणतेपणाचे चिन्ह आहे. खजिनदाराची जागा जॉर्ज वॉशिंग्टनच्या चित्राजवळ. पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा किंवा मुलगी सांगते की वॉशिंग्टन जसे आपल्या शेतीचे हिशेब काळजीपूर्वक ठेवत, तसा मी शाखेच्या जमाखर्चाचा हिशेब ठेवते.

या खजिनदाराबद्दल मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आमच्या शाळेतली वांगी आठवली. मी तालुक्याच्या गावात विज्ञान शिकवत होते. आठवीच्या मुलांनी शाळेमागच्या परसबागेत वांगी लावली, पाणी घातले, अळ्या वेचल्या आणि बाजाराच्या दिवशी टोपली घेऊन विकायलाही बसली. 340 रुपये आले. पंधरा दिवसांनी एका मुलीने विचारले, “बाई, आपल्या वांग्यांचे पैसे कुठं जमा झाले?” मी चौकशी केली. पैसे कुणी खाल्ले नव्हते, शाळेच्याच कुठल्याशा खर्चात मिसळले होते. पण त्या मुलीला दाखवता येईल असा एक कागदही माझ्याकडे नव्हता. तिच्याकडे मात्र वही होती. बियाणे, शेणखत, विक्री असे रकाने तिने पट्टीने आखले होते. शिल्लकचा रकाना कोरा होता.

तरुणांच्या संस्थेचा कारभार कुणी करायचा, या प्रश्नाकडे मी तेव्हापासून त्या कोऱ्या रकान्यातून बघते. मुलांनी राबायचे आणि मोठ्यांनी ठरवायचे, ही रीत आपल्याला इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात काही वावगे आहे असे वाटतही नाही. एफएफएच्या सनदेचा इतिहास मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. जगातल्या या सर्वांत मोठ्या शेतकी विद्यार्थी संघटनांपैकी एका संघटनेचा कारभार देशाच्या संसदेने कायद्यात लिहून दिला, आणि जवळजवळ सत्तर वर्षांनी तो पुन्हा लिहिला. पहिल्या वेळी जे चुकले ते दुसऱ्या वेळी निम्मेच सुधारले, असे माझे मत आहे.

आधी थोडी हकिकत. अमेरिकेत 1917 साली स्मिथ-ह्यूज कायदा झाला आणि सरकारी शाळांत शेती शिकवायला केंद्राचा पैसा मिळू लागला. शेतीचे शिक्षक आले, वर्ग सुरू झाले. पण शेतकऱ्याची मुले शहरातल्या मुलांपुढे बुजायची, चार लोकांत बोलायला कचरायची. व्हर्जिनियातल्या शेती शिक्षकांनी त्यांच्यासाठी राज्यापुरती एक संघटना काढली. तिच्या नमुन्यावर नोव्हेंबर 1928 मध्ये कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलात 18 राज्यांतून आलेल्या 33 प्रतिनिधींनी ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ म्हणजेच एफएफए स्थापन केली. 1933 मध्ये ओहायोतल्या फ्रेडरिकटाउनची मुले निळी कॉर्डरॉय जाकिटे घालून अधिवेशनाला आली आणि तेच जाकीट संघटनेची ओळख बनले. आज सदस्यसंख्या दहा लाखांवर गेली आहे.

ही संघटना शाळेबाहेरची हौस नाही. शेतीच्या तासाला बसणारा विद्यार्थीच तिचा सदस्य, आणि त्याचा शिक्षक हाच शाखेचा सल्लागार. वर्गातला धडा, घरच्या शेतावर किंवा कामाच्या जागी करायचा प्रत्यक्ष प्रकल्प आणि संघटनेचे काम, हे तिन्ही मिळून शिक्षण पुरे होते असे तिथे मानतात. पण मग एक कायदेशीर पेच उभा राहतो. शिक्षकाचा पगार सरकारी, वर्ग सरकारी आणि संघटना मात्र खासगी. सरकारी माणसाने कामाच्या वेळेत खासगी संघटनेचे काम कोणत्या अधिकाराने करायचे?

या पेचातून 30 ऑगस्ट 1950 रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या सहीने सार्वजनिक कायदा 740 झाला. अमेरिकेतल्या शेती शिक्षकाला आजही नुसते ‘740’ म्हटले तरी कळते. या कायद्याने एफएफएला संसदेची सनद मिळाली, तिचे काम कृषी शिक्षणाचाच एक भाग ठरले, नावाला आणि बोधचिन्हाला संरक्षण मिळाले आणि केंद्रीय शिक्षण खात्याच्या माणसांना तिच्यासाठी काम करायला वाट मोकळी झाली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संसदेची सनद मिळाली म्हणजे संस्था सरकारी झाली असे नाही. सनद हा मान आहे, कायदेशीर व्यक्तित्व आहे. ती देखरेखीची हमी देत नाही. बॉय स्काउट्सना 1916 साली, गर्ल स्काउट्सना 1950 सालीच अशी सनद मिळाली होती. पुढे प्रतिनिधीगृहाच्या संबंधित उपसमितीने 1989 मध्ये नव्या सनदा देणे थांबवायचे ठरवले. सनद बघून लोकांना वाटते की संस्थेवर सरकारचे लक्ष आहे, आणि प्रत्यक्षात तसे लक्ष नसते, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मला हे कारण पटते. आपल्याकडेही ‘शासनमान्य’ हा शब्द पाटीवर दिसला की पालक निर्धास्त होतात. आत कारभार कोण बघतो हे कुणी विचारत नाही.

1950 च्या कायद्याने एफएफएच्या आतला कारभार कुणाला दिला? संचालक मंडळावर केंद्राच्या शिक्षण कार्यालयातले कृषी शिक्षणाचे अधिकारी आणि राज्यांचे कृषी शिक्षण पर्यवेक्षक बसवले. अध्यक्षस्थानी केंद्राचा अधिकारी. विद्यार्थी पदाधिकाऱ्यांचेही एक मंडळ होते. त्याचे काम संचालकांना सल्ला देणे आणि शिफारशी करणे. म्हणजे अधिवेशनात हजारो मुलांसमोर हातोडी आपटायची विद्यार्थ्याने आणि कायद्याने निर्णयाची खुर्ची अधिकाऱ्याची.

त्या काळाच्या हिशेबाने यात काही वाईट हेतू नव्हता. ते अधिकारी स्वतः शेतकऱ्यांची मुले होती, शिक्षक म्हणून उमेदवारी केलेली होती, त्यांनीच संघटना वाढवली होती. चांगला माणूस खुर्चीवर असताना खुर्चीचा नियम कुणी तपासत नाही. आमच्याकडच्या शिक्षण संस्थांत हेच झाले. संस्थापक होते तोवर घटनेत काय लिहिले आहे हे बघायची गरज कुणाला वाटली नाही. ते गेल्यावर दोन गट पडले आणि विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे ‘चेंज रिपोर्ट’ धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात वर्षानुवर्षे पडून राहिले. आपला मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही 1950 चाच. कायदा असूनही संस्था कुणाची हा प्रश्न सुटत नाही, हे महाराष्ट्रात शाळेत नोकरी केलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.

खुर्चीवर कोण आहे याने काय फरक पडतो, ते 1965 मध्ये दिसले.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा शाळा वर्णाप्रमाणे वेगळ्या होत्या. कृष्णवर्णीय मुलांना एफएफएची दारे बंद होती, म्हणून त्यांच्या शिक्षकांनी ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ उभी केली. सुरुवात इथेही व्हर्जिनियातच झाली आणि 1935 मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे ती राष्ट्रीय संघटना झाली. रंग काळा आणि सोनेरी, बोधचिन्हात मक्याच्या कणसाऐवजी कापसाचे बोंड. तिची स्वतःची अधिवेशने होती, वक्तृत्वाच्या स्पर्धा होत्या, राज्याराज्यांतले विद्यार्थी अध्यक्ष आणि खजिनदार होते. ज्या समाजाला बाहेर मतदानालाही जाऊ देत नव्हते, त्या समाजातली मुले या संघटनेत निवडणूक लढवत होती, ठराव मांडत होती, सभा चालवत होती.

1964 चा नागरी हक्क कायदा आला आणि दोन वेगळ्या संघटना चालवणे अशक्य झाले. 1965 मध्ये विलीनीकरण झाले. ते व्हायलाच हवे होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. प्रश्न आहे तो कसे झाले याचा. दोन संघटनांनी एकत्र बसून तिसरी घडवली असे घडले नाही. एक दुसरीत विरघळली. नाव एफएफएचे राहिले, जाकीट निळेच राहिले, कणीस राहिले आणि बोंड गेले. 50 हजारांहून जास्त सदस्य नव्या घरात आले, पण त्यांचे अध्यक्ष, खजिनदार, त्यांचे पर्यवेक्षक यांच्या जागा त्या घरात नव्हत्या. पाहता पाहता त्या सदस्यांची संख्या घसरली. एफएफएचा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्रीय अध्यक्ष, शिकागोचा कोरी फ्लॉर्नॉय, निवडून आला 1994 मध्ये. म्हणजे विलीनीकरणाला 29 वर्षे झाल्यावर. पहिली कृष्णवर्णीय मुलगी, ब्रिआना होलबर्ट, अध्यक्ष झाली 2017 मध्ये.

कुणी म्हणेल, हा दोष त्या काळातल्या वर्णद्वेषाचा, संचालक मंडळाच्या रचनेचा काय संबंध? संबंध आहे. निर्णय ज्या टेबलावर होतात त्या टेबलावर कोण असेल हे कायद्यानेच बांधून टाकले होते: अमुक खात्याचे अधिकारी, तमुक राज्यांचे पर्यवेक्षक. त्या पदांवर तेव्हा कोण बसत होते हे सगळ्यांना ठाऊक होते. कापसाच्या बोंडाची आठवण काढणारे कुणी तिथे असते, तर बोधचिन्हाच्या पलीकडेही पुष्कळ काही वाचले असते असे मला वाटते. दोन गावांची एक ग्रामपंचायत झाली की पाणी कुठल्या गावाला आधी येते, हे सरपंचाच्या घरावरून कळते. हे तसेच आहे.

आता दुसरी बाजू. मुलांच्या हाती कारभार दिला की चुका होतात, असे म्हणणाऱ्यांना एफएफएच्या इतिहासातच दाखला सापडतो. 1930 मध्ये याच संघटनेच्या प्रतिनिधींनी सदस्यत्व फक्त मुलांना, असे ठरवले आणि मुलींना दार लावले. शेतात कंबर मोडेस्तोवर राबणाऱ्या पोरी ‘भावी शेतकरी’ या नावात बसत नव्हत्या. ही मोठी चूक होती आणि ती दुरुस्त व्हायला 1969 उजाडले. पण ती दुरुस्त केली कुणी? अधिवेशनातल्या प्रतिनिधींनीच, मतदान करून. 1982 मध्ये तिथे पहिली मुलगी राष्ट्रीय अध्यक्ष झाली. 1988 मध्ये ‘भावी शेतकरी’ हे लांब नाव बाजूला ठेवून ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ हे नाव घेतले तेही प्रतिनिधींनीच, कारण शेती शिकणारा प्रत्येक जण शेतकरीच होणार नव्हता, कुणी पशुवैद्य होणार होते, कुणी प्रयोगशाळेत जाणार होते. मुले चुकतात, उशीरही करतात. पण स्वतः केलेली चूक स्वतः मोडण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता म्हणून ती मोडली गेली. लादलेला निर्णय, चांगला असला तरी, असा आपला होत नाही.

मधल्या काळात 1950 चा कायदा जुना होत गेला. शिक्षण खात्यातला तो जुना कृषी शिक्षणाचा विभाग फेररचनांमध्ये विरून गेला. ज्या अधिकाऱ्यांसाठी संचालकांच्या खुर्च्या राखल्या होत्या, तसे शेतीतले जाणकार अधिकारीच खात्यात उरले नाहीत. तरी कायदा सांगे की बहुतेक जागा सरकारी माणसांनीच भराव्यात. खासगी संस्था, स्वतःच्या पैशावर चालणारी, आणि तिच्या मंडळाची रचना बदलायची तर संसदेकडे जायचे!

ती वेळ फेब्रुवारी 2019 मध्ये आली. दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने सनदेत दुरुस्ती झाली. संचालक मंडळावर शिक्षणमंत्री किंवा त्यांनी नेमलेला, या क्षेत्राचा अनुभव असलेला एक प्रतिनिधी राहिला. बाकी जागा शिक्षण, शेती, अन्न आणि नैसर्गिक साधनसंपत्ती या क्षेत्रांतल्या किंवा संघटनेसोबत जवळून काम केलेल्या लोकांसाठी खुल्या झाल्या. संघटनेचा पगारी कर्मचारी संचालक होऊ शकत नाही, ही चांगली अट घातली गेली. अध्यक्ष, सचिव आणि चार विभागांचे चार उपाध्यक्ष असे सहा विद्यार्थी पदाधिकारी दरवर्षी अधिवेशनातल्या प्रतिनिधींनी बहुमताने निवडायचे, हेही कायद्यात आले. कृषी शिक्षणाशी आणि केंद्रीय खात्याशी असलेला धागा तोडला नाही.

ही दुरुस्ती योग्य दिशेने होती. खात्याच्या खुंट्याला बांधलेली संघटना खात्याबरोबर झिजते. पण खुंटा सोडला आणि दावे कुणाच्या हातात द्यायचे हे सांगितले नाही, तर ते जवळ उभा असेल त्याच्या हातात जाते. एफएफएच्या शिष्यवृत्त्या, स्पर्धा, अधिवेशने यांना मोठ्या कंपन्यांचे पैसे येतात. ट्रॅक्टरवाले, बियाण्यांवाले, औषधांवाले सगळेच देतात. त्यात बेकायदा काही नाही, त्या पैशाने हजारो मुले शिकली आहेत. तरी ‘शेती क्षेत्रातली व्यक्ती’ या व्याख्येत बियाणे कंपनीचा अधिकारी जितका बसतो, तितकाच दोन एकरांवर भाजी पिकवणारा शेतकरीही बसतो. मंडळावर दोघांपैकी कोण येण्याची शक्यता जास्त, हे मी सांगायला नको. आपल्याकडे कृषी प्रदर्शनात कमानीवर कुणाचे नाव असते ते आठवा.

म्हणून माझे म्हणणे असे की संसदेने खुर्च्या मोकळ्या केल्या तेव्हाच त्यातल्या काही कायद्याने राखायला हव्या होत्या. एक तृतीयांश तरी जागा निवडून आलेल्या विद्यार्थ्यांना, मतासकट. काही जागा वर्गात प्रत्यक्ष शेती शिकवणाऱ्या शिक्षकांना. हे पोटनियमांवर सोडून चालत नाही. पोटनियम मंडळच लिहिते आणि मंडळच बदलते. बहुमत फिरले की पोटनियम फिरतो. संसदेने दिलेली सनद एवढ्यासाठी तरी उपयोगी पडावी की ज्यांच्या नावाने संस्था आहे, त्यांची जागा कुणाला काढून घेता येऊ नये.

यावर नेहमीचा आक्षेप वयाचा. अल्पवयीन मुले संचालक कशी होणार? पण राष्ट्रीय पदाधिकारी हायस्कूल संपवलेली मुले असतात. ती वर्षभर कॉलेज बाजूला ठेवून देशभर फिरतात, शाळांत जातात, मुलांशी बोलतात. कुठल्या राज्यात शेती शिक्षकांची टंचाई आहे, कुठली मुले जाकिटाचे पैसे परवडत नाहीत म्हणून मागे राहतात, हे त्यांच्याइतके अलीकडचे कुणाला ठाऊक असेल? मत देण्याचे, सैन्यात जाण्याचे वय झालेल्या माणसाकडून नुसता सल्ला घ्यायचा, हे मला पटत नाही.

आपल्याकडे असे काही उभे राहायचे असेल, तर कोणता नमुना समोर आहे? एनसीसी 1948 च्या कायद्याने उभी आहे आणि ती पूर्णपणे सरकारी आहे. लष्करी शिस्तीची संघटना तशीच असणार. शेतीच्या पदवीला शेवटच्या वर्षी ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव असतो. मुले-मुली गावात राहतात, लोक त्यांना कृषीदूत आणि कृषीकन्या म्हणतात. माती परीक्षण, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके करून ती परत जातात आणि अहवाल जमा होतो. गावात काय शिकलो, अभ्यासक्रमात काय बदलायला हवे, हे ठरवताना मात्र त्यांना कुणी मत विचारत नाही. विद्यार्थी परिषदांच्या खुल्या निवडणुका महाराष्ट्रात एक पिढीभर बंद राहिल्या. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, पण त्या वेळेवर आणि मोकळेपणाने घेण्याची इच्छा दिसली नाही. पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून हाताने काम करत शिकण्याचा एक चांगला मार्ग दाखवला आहे, त्यात शेतीही आहे. काम करायला शिकवण्याची परंपरा आपल्याकडे आहे. कामाचा कारभार मुलांच्या हाती देण्याची नाही.

उद्या कुणी महाराष्ट्रात शेती शिकणाऱ्या मुलांची अशी संघटना काढायची म्हटले, तर पहिला मसुदा मंत्रालयात तयार होईल. त्यात पदसिद्ध अध्यक्ष, पदसिद्ध उपाध्यक्ष, पदसिद्ध सचिव असतील आणि शेवटच्या ओळीत ‘विद्यार्थी प्रतिनिधी : एक, निमंत्रित’. तो मसुदा कुणाच्या हाती आला, तर त्याने 1950 चा आणि 2019 चा, दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावेत आणि ती शेवटची ओळ उचलून सर्वांत वर न्यावी.

वांग्यांच्या पुढच्या वर्षी मी मुख्याध्यापकांच्या मागे लागून एवढेच करून घेतले की परसबागेचा हिशेब मुलांनी ठेवायचा आणि महिन्यातून एकदा परिपाठाच्या वेळी वाचून दाखवायचा. तीच मुलगी आता नववीत होती. पहिल्याच महिन्यात तिने मेथी आणि कोथिंबिरीचा हिशेब वाचला आणि 15 रुपये कमी भरले. मागच्या रांगेतल्या एका पोराने हात वर करून विचारले, ते 15 कुठं गेले? ती घाबरली नाही. वही उघडून तिने रकान्यावर बोट ठेवत वरपासून खाली पुन्हा बेरीज केली. सगळी शाळा उन्हात उभी होती. दहा मिनिटांनी सापडले: शेणखताची एक पाटी दोनदा लिहिली गेली होती.